आंबट तोंडाचं खानदान

‘आमच्या रक्तातच आहे ते!’ असं आपण कशाकशाबद्दल म्हणतो... तिखट खाण्याबद्दल, हट्टीपणाबद्दल, धंद्याच्या डोक्याबद्दल. पण रक्तात खरंच काय असतं? उत्तर हवं असेल तर लॅब कशाला, कळमना मार्केटची एक चक्कर पुरे आहे!

लग्नाच्या बायोडेटात ‘खानदानी घराणं’ हे शब्द पहिल्यांदा कुणी टाकले, देव जाणे. पण ते असतातच. सध्या आमच्या घरी माझ्या लग्नाचा विषय निघालाय, त्यामुळे ‘आपल्यात’ आणि ‘त्यांच्यात’ हे दोन शब्द मी दिवसातून वीसेकदा ऐकते. आपल्यात तिखट लागतं, त्यांच्यात भाजीत साखर घालतात. आपल्यात पोरी फटकळ, त्यांच्यात पोरं आईच्या मुठीत. आणि सगळ्यावर मामीचा शिक्का, ‘रक्तातच असते बाई ते, शिकवून नाई येत.’

मी बीएस्सी मायक्रो. आता मिहानमध्ये एसीत बसून एक्सेल शीट भरते, ती गोष्ट वेगळी. पण रक्ताचा विषय निघाला की माझ्यातली बीएस्सी जागी होते. रक्तातून, म्हणजे जीन्समधून (लेव्हाइसच्या नव्हे, पेशीतल्या!) काय येतं आणि शिकून काय येतं, याची उत्तरं सायन्सनं गेल्या पन्नास वर्षांत बरीच शोधून ठेवलीयत. आणि गंमत अशी, की त्यातल्या काही बेस्ट उत्तरांचा कच्चा माल आपल्या कळमन्यात ट्रक भरभरून उतरतो. संत्रा आणि मिरची!

फेब्रुवारीत एकदा सकाळी लवकर उठून कळमन्याला जाऊन बघाच. मृग बहाराची संत्री आलेली असतात आणि लाल मिरचीचाही सीझन जोरात असतो. एकीकडे केशरी ढीग, दुसरीकडे लालभडक ढीग. हमालांच्या आरोळ्या, बोलीचा गलका, मधूनच ‘सरका जी, सरका’ करत घुसणारी हातगाडी. मॉलमध्ये विंडो शॉपिंगची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना इथे फारसं कुणी विचारत नाही. मी बराच वेळ नुसतीच उभी होते, तेव्हा एक काका म्हणाले, ‘काऊन मॅडम, घेऊन राहिल्या का पाहून राहिल्या?’

पाहून राहिले होते. माणसांची तोंडं!

पहिलं आंबट तोंड

एका ढिगाशेजारी एक बाई वर्षा-दीड वर्षाच्या पोराला कडेवर घेऊन उभी होती. कुणीतरी पोराच्या हातात संत्र्याची फोड दिली. त्यानं ती चोखली आणि... डोळे गच्च मिटले, नाक आक्रसलं, ओठांचा चंबू झाला, सगळ्या अंगावर शहारा! आजूबाजूची चार मोठी माणसं खो खो हसली. मग त्यांतल्या एकानं तीच संत्री चाखून बघितली. त्याचं तोंड? सेम टू सेम. फक्त मिशीसकट.

हे तोंड त्या पोराला कुणी शिकवलं? कुणीच नाही. इस्रायलमधल्या जेकब स्टायनर या संशोधकानं १९७० च्या दशकात नुकत्याच जन्मलेल्या बाळांच्या जिभेवर वेगवेगळ्या चवींचे थेंब ठेवून बघितले. या बाळांनी अजून दुधाचा पहिला घोटही घेतलेला नव्हता. गोड थेंब पडला की बाळ शांत, ओठ चाटायला लागायचं. आंबटाला ओठांचा चंबू. कडूला तोंड वासून जीभ बाहेर, जणू ‘काढा हे!’. मोठा मेंदू जवळजवळ तयारच न झालेल्या दुर्दैवी बाळांमध्येही हे हावभाव दिसले. म्हणजे यात विचार नाही, संस्कार नाहीत, घराणं नाही. मेंदूच्या अगदी तळाशी, मणक्याच्या वर जो भाग असतो, त्यात हे सगळं रेडीमेड बसवलेलं आहे.

मग पुढचा प्रश्न. हे रेडीमेड पॅकेज फक्त माणसालाच मिळालंय का?

स्टायनर आणि अमेरिकेतले केंट बेरिज यांनी सहकाऱ्यांबरोबर २००१ मध्ये माणसाची बाळं आणि माकडांच्या, वानरांच्या बऱ्याच जाती यांची तुलना केली. गोरिला, चिंपांझीपासून दक्षिण अमेरिकेतल्या चिमुकल्या माकडांपर्यंत. गोडाला जीभ काढून चाटणं आणि कडूला तोंड वासणं, दोन्ही सगळीकडे सापडलं. शिवाय ज्याचं माणसाशी नातं जितकं जवळचं, तितके त्याचे हावभाव आपल्याशी जास्त जुळले. कडूला तोंड वासणं तर पार उंदरापर्यंत पोचतं.

कळलं ना? आपण पणजोबांच्या आधीच्या पूर्वजाचं नावसुद्धा सांगू शकत नाही. पण कारल्याचा रस पिताना तोंड वाकडं करतो, तेव्हा आपण कोट्यवधी वर्षं जुनी वंशावळ चेहऱ्यावर घेऊन उभे असतो. कुणाला बायोडेटात टाकायची असेल तर टाका!

खानदानात एक बिघाड आहे

संत्री का खायची? ‘व्हिटॅमिन सी मिळतं’ हे शाळेतलं उत्तर. आता हाच प्रश्न मार्केटमध्ये टाकून दिलेल्या पाल्यावर ताव मारणाऱ्या गाईला विचारा. पोत्यांच्या सावलीत झोपलेल्या कुत्र्याला विचारा. त्यांना संत्र्याचं काडीचं टेन्शन नाही, कारण ते व्हिटॅमिन सी घरच्या घरी बनवतात.

कोलकात्याचे बायोकेमिस्ट आय. बी. चॅटर्जी यांनी अनेक प्राणी तपासून हा हिशेब मांडला. १९७३ मध्ये तो ‘सायन्स’ या जगप्रसिद्ध जर्नलमध्ये छापून आला. बेडूक आणि सरपटणारे प्राणी हे व्हिटॅमिन किडनीत बनवतात. गाय, बकरी, कुत्रा असे बहुतेक सस्तन प्राणी लिव्हरमध्ये. आणि काही मोजके प्राणी कुठेच नाही. त्या मोजक्यांत गिनिपिग, काही वटवाघळं, माकडं... आणि तुम्ही-आम्ही.

आपलं मशीन बिघडलंय, मंडळी!

व्हिटॅमिन सी बनवण्याच्या शेवटच्या पायरीला एक एन्झाइम लागतं. ते ज्या जीनमुळे तयार होतं त्याचं नाव ‘गुलो’. १९९४ मध्ये जपानच्या मोरिमित्सु निशिकिमी यांच्या टीमनं माणसातला गुलो शोधून काढला, तर तो आठव्या क्रोमोसोमवर होता. होता, पण मोडका! बरेच तुकडे गायब, उरलेल्यांत अक्षरं गळलेली. घराच्या माळ्यावर आजोबांचा बंद पडलेला रेडिओ पडून असतो ना, तसा. वाजत नाही, पण कुणी फेकूनही दिलेला नाही.

खरी मजा पुढे आहे. इंजिनिअरिंगच्या नोट्स आठवा. एका सीनिअरनं फॉर्म्युला उतरवताना एक अक्षर गाळलं. त्या नोट्सची झेरॉक्स, त्या झेरॉक्सची झेरॉक्स... पाच वर्षांनी तीन वेगळ्या कॉलेजांतल्या पोरांच्या पेपरात तेच अक्षर त्याच जागी गळलेलं असलं, तर पेपर तपासणारे सर काय समजतात? योगायोग? छे! बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखं येऊ शकतं. चूक सारखी यायला मात्र मूळ वही एकच असावी लागते.

निशिकिमींच्या लॅबनं माणूस, चिंपांझी, ओरांगउटान आणि मकाक माकड यांच्या गुलोचा एक भाग शेजारी शेजारी ठेवून वाचला. चौघांतही एक अक्षर गळलेलं. त्याच जागी! गिनिपिगचाही गुलो मोडलेला आहे, पण त्याची मोडतोड वेगळी. त्याची वही वेगळी, आपली वेगळी. आपल्या वहीतला बिघाड साधारण सहा कोटी वर्षांपूर्वीचा मानतात. त्या काळच्या आपल्या पूर्वजांच्या खाण्यात फळं-पानं भरपूर असणार. मशीन बंद पडलं, तरी कुणाचं काही अडलं नाही.

अडलं ते फार पुढे, समुद्रावर. महिनोन् महिने सुक्या अन्नावर राहणाऱ्या खलाशांच्या हिरड्या सुजायच्या, जुन्या जखमा उघडायच्या, माणसं मरायची. स्कर्व्ही! १७४७ मध्ये जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलाच्या डॉक्टरनं १२ आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्रं आणि लिंबू मिळालेली जोडी सगळ्यांत आधी उभी राहिली.

म्हणजे आपण संत्रं सोलतो तेव्हा खरं तर सहा कोटी वर्षांपूर्वीच्या बिघाडाचं रोजचं मेंटेनन्स करत असतो. आणि रामटेकच्या गडावर हातातली प्रसादाची पिशवी हिसकावणारं वानर? तेही याच वहीतलं. त्यालाही फळं लागतात. पुढच्या वेळी त्याच्यावर जास्त ओरडू नका, चुलतभाऊ आहे!

केशरी दिसण्याची चैन

हिरव्या पाल्यात केशरी संत्रं आपल्याला लांबूनच दिसतं. गाईला तसं दिसत नाही. गाय, कुत्रा आणि बहुतेक सस्तन प्राण्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. आपल्याकडे तीन. साधारण तीन-चार कोटी वर्षांपूर्वी एका पूर्वजात रंगाच्या एका जीनची कॉपी झाली, दोन्ही कॉप्या एक्स क्रोमोसोमवर शेजारी शेजारी बसल्या आणि पुढे त्यांत थोडा फरक पडत गेला. त्यातूनच लाल आणि हिरवा वेगळे दिसायला लागले. आशिया-आफ्रिकेतली माकडं, वानरं आणि माणूस, सगळ्यांना ही चैन एकाच पूर्वजाकडून मिळाली. हिरव्या पानांतून पिकलं फळ किंवा कोवळी लालसर पालवी टिपायला तिचा उपयोग झाला असावा, असं बऱ्याच संशोधकांना वाटतं.

पण ही वारशाची नजर नागपुरात फसते बरं का! संत्र्याची साल केशरी व्हायला गार रात्री लागतात. पावसाळा संपता संपता आंबिया बहाराची जी पहिली संत्री येतात, ती आतून गोड असूनही वरून हिरवट असू शकतात. आपण नाक मुरडतो आणि पुढे जातो. मुरलेला व्यापारी रंगावर जात नाही. तो फळ हातात घेऊन वजन बघतो, साल दाबून बघतो, फोड चाखतो. डोळा वारशात मिळालाय. पारख मात्र शिकावी लागते.

पोपटाला न लागणारी मिरची

आता मिरचीच्या बाजूला चला. शिरताक्षणी पहिली गोष्ट काय होते? खोकला! मालक असो की हमाल, बीएस्सी असो की दहावी नापास, घराणं खानदानी असो की नसो... खॉक, खॉक, खॉक. मिरच्यांची देठं खुडणाऱ्या बायका म्हणूनच नाकातोंडाला ओढणी घट्ट बांधून बसतात. खोकल्यावर संशोधन करणाऱ्या लॅबमध्ये माणसाला मुद्दाम खोकला आणायचा असेल, तर मिरचीतल्या कॅप्सेसिनचाच फवारा हुंगायला देतात. इतका हा खोकला भरवशाचा आहे.

यामागचा फंडा १९९७ मध्ये कळला. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड ज्युलियस यांच्या लॅबनं आपल्या नसांवरचा एक दरवाजा शोधला, नाव ‘टीआरपीव्ही-१’. हा दरवाजा मुळात चटका ओळखण्यासाठी आहे. साधारण ४३ अंशांच्या वर तापमान गेलं की तो उघडतो आणि मेंदूला मेसेज जातो, ‘भाजलं!’ कॅप्सेसिन हाच दरवाजा थंडपणे उघडतं. भाजलेलं काहीच नसतं, पण मेसेज तोच. म्हणजे तिखट ही जिभेची चव नाहीच, ती चटक्याची खोटी बातमी आहे. या कामासाठी ज्युलियस यांना २०२१ चं मेडिसिनचं नोबेल मिळालं, आर्डेम पॅटापुटियन यांच्याबरोबर.

हा दरवाजा उंदराला आहे, डुकराला आहे, कुत्र्याला आहे, आपल्याला आहे. पक्ष्यांनाही आहे, पण थोडा वेगळा. ज्युलियस यांच्याच लॅबनं २००२ मध्ये दाखवलं, की कोंबडीचा हा दरवाजा उष्णतेला उघडतो, कॅप्सेसिनला नाही. आपल्याकडे पोपटाला मिरची खायला घालतात आणि तो मिटक्या मारत खातो, त्याचं रहस्य हे. तो शूर नाही. त्याला ती लागतच नाही!

मिरचीच्या झाडाचा यात काय फायदा? अमेरिकेतल्या जोशुआ ट्यूक्सबरी आणि गॅरी नभान यांनी ॲरिझोनातल्या रानमिरचीवर काम करून २००१ मध्ये याचं उत्तर दिलं. उंदरासारखे प्राणी बिया चावून टाकतात, त्यांच्या पोटातून गेलेलं बी उगवत नाही. पक्ष्याच्या पोटातून गेलेलं बी मात्र छान उगवतं. म्हणून झाडानं असं रसायन बनवलं, जे दात असलेल्यांना हाकलतं आणि चोच असलेल्यांना बोलावतं.

थोडक्यात, मिरची आपल्याला जन्मापासून एकच गोष्ट सांगतेय, ‘तू नाही, चल हट!’

मग सावजी कुठून आलं?

हा खरा लाखमोलाचा प्रश्न. जन्मजात जे नको, तेच आपण पैसे देऊन, घाम पुसत, नाक ओढत खातो. आणि वर म्हणतो, रक्तातच आहे!

आधी तारखा बघू. मिरची मूळची अमेरिकेतली. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर ती भारतात आली. त्याआधी आपल्याकडे तिखटाची गरज मिरे, पिंपळी, आलं भागवायचे. पाचशे वर्षं म्हणजे फार तर वीस-पंचवीस पिढ्या. एवढ्यात मिरची ‘रक्तात’ शिरायला वेळ कुठे मिळाला?

ती शिरली सवयीत. पॉल रोझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकाच्या शेवटी मेक्सिकोतल्या एका खेड्यात बघितलं, की लहान पोरं मिरची टाळतात. मग घरात सगळे खातात म्हणून थोडी थोडी चाखतात, आणि काही वर्षांत स्वतःच मागून घेतात. त्याच गावातली डुकरं आणि कुत्री जन्मभर मिरचीवालं उष्टं खात होती. त्यांना पर्याय दिला तेव्हा? मिरची त्यांना आवडायला लागलेली नव्हती! दरवाजा सगळ्यांचा सेम. तो चटका ‘मजा’ म्हणून घ्यायला शिकलं फक्त माणसाचं पोर. आजूबाजूला खाणारी, हसणारी, ‘घे रे थोडं’ म्हणणारी माणसं होती म्हणून.

शिकवणी तर जन्माच्याही आधी सुरू होते. फिलाडेल्फियाच्या ज्युली मेनेला यांच्या टीमनं २००१ मध्ये दाखवलं, की ज्या आयांनी प्रेग्नन्सीत किंवा दूध पाजताना गाजराचा रस घेतला, त्यांच्या बाळांनी पुढे गाजराच्या चवीचं खाणं जास्त आवडीनं स्वीकारलं. आईच्या ताटातला वास पोटातल्या पाण्यातून आणि दुधातून बाळापर्यंत पोचतो. गर्भसंस्कार म्हणायचेच असतील तर हे घ्या. रोजच्या भाजीचे!

जीन्सचा वाटा शून्य आहे का? तसंही नाही. फिनलंडमधल्या जुळ्यांवर २०१२ मध्ये झालेल्या अभ्यासात तिखटाच्या आवडीनिवडीत जीन्सचा काही वाटा दिसलाय. पण तो एकेका माणसातला फरक आहे. एकाच घरात एक भाऊ ठेचा बोटानं चाटतो आणि दुसरा वरण-भातावर तूप मागतो, त्याचा. ‘आपल्यात’ आणि ‘त्यांच्यात’ हा फरक त्यातून निघत नाही.

आणि शिकलेलं म्हणजे हलकं, असं कुणी ठरवलं? जन्मजात गोष्टीत कुणाची मेहनत नसते. आंबट तोंड करायला क्लास लावावा लागत नाही. सावजी रस्सा मात्र कुणीतरी कुणाला तरी शिकवला म्हणून आज आहे. मसाला किती भाजायचा, तर्री कधी सुटते, हे चुलीजवळ उभं राहूनच कळतं. एका पिढीनं शिकवलं नाही, की संपलं. मला विचाराल तर अभिमान वाटायचाच असेल, तर रक्तापेक्षा त्या शिकवण्याचा वाटावा.

रक्तात खरंच असतं ते

रक्तावरून माणसांची वरची-खालची पायरी ठरवणाऱ्यांना एका मराठी बाईनं फार पूर्वी उत्तर दिलंय. ‘युगान्त’मुळे आपल्याला माहीत असलेल्या इरावती कर्वे १९२७ मध्ये पीएचडीसाठी बर्लिनला गेल्या. त्यांचे गाईड होते ऑयगेन फिशर, ज्यांच्या वंशाच्या थिअरीज पुढे नाझींनी डोक्यावर घेतल्या. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकावरून गोऱ्यांचं श्रेष्ठत्व दिसेल, असा फिशर यांचा होरा होता. कर्व्यांनी १४९ कवट्या मोजल्या आणि लिहून दिलं, की या फरकाचा वंशाशी संबंध दिसत नाही. गाईडच्या लाडक्या मताविरुद्ध थीसिस! पीएचडी करणारी मैत्रीण असेल तर विचारा, याला किती हिंमत लागते ते.

अलीकडचं सायन्स त्याच वाटेनं पुढे गेलंय. हैदराबादच्या सीसीएमबीचे कुमारसामी थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइख यांच्या टीमनं २०१३ मध्ये भारतीय उपखंडातल्या ७३ गटांचा डीएनए तपासला. निष्कर्ष काय? साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथले लोक एकमेकांत भरपूर मिसळले. जवळजवळ सगळेच. त्यानंतर ‘आपल्यातच’ लग्न करायची पद्धत घट्ट झाली. म्हणजे ‘आपल्यात’ आणि ‘त्यांच्यात’ ही भिंत आपल्याला वाटते तितकी जुनी नाही. आणि तिच्या दोन्ही बाजूंना जुनं सामान बरंचसं एकच आहे.

पण लहान गटात पिढ्यान् पिढ्या लग्नं झाली, की गटात लपलेला एखादा बिघडलेला जीन दोन्ही बाजूंनी एकत्र यायची शक्यता वाढते. आपल्या विदर्भात त्याचं नाव सगळ्यांनी ऐकलंय. सिकल सेल.

हिमोग्लोबिनच्या जीनमध्ये एक अक्षर बदललेलं असतं. फक्त एक! आई-वडिलांपैकी एकाकडूनच ते आलं, तर माणूस ‘एएस’, म्हणजे वाहक. त्याला सहसा काही त्रास नसतो, उलट गंभीर मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं. म्हणूनच मलेरियाच्या मुलखात हे अक्षर टिकलं. दोघांकडूनही आलं, तर ‘एसएस’. लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात, आणि आयुष्यभर वेदना, ॲनिमिया, दवाखाना. मध्य भारतातल्या या आजाराची नोंद नागपूरच्या आर. एन. शुक्ल आणि बी. आर. सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये छापली होती. केंद्र सरकारचं सिकल सेल निर्मूलन मिशन २०२३ मध्ये सुरू झालं.

गेल्या वर्षी मी टेस्ट करून घेतली. आमच्या घरात त्याआधी कुणी केली नव्हती. रिपोर्ट आला, एएस.

आई दोन दिवस बोलली नाही. मामी म्हणाली, ‘आपल्यात नाई होत असं काई.’ मग मी दोघींना कागदावर चार चौकोन काढून दाखवले. माझा नवरा एए असला, तर एकाही बाळाला हा आजार होणार नाही, फार तर माझ्यासारखं वाहक होईल. तोही एएस असला, तर प्रत्येक प्रेग्नन्सीत चारात एक, म्हणजे २५ टक्के शक्यता एसएसची. पत्रिकेत किती गुण जुळले, याचा या चार चौकोनांशी काही संबंध नाही. जात कोणती, साखर घालतात की तिखट, याचाही नाही.

मी आईला अजून एक गोष्ट सांगितली. भारतात सिकल सेलचं हे अक्षर बहुतेक ठिकाणी एकाच जेनेटिक पार्श्वभूमीवर सापडतं, मग गट कितीही वेगळे असोत. सौदी अरेबियाच्या पूर्व भागातही तेच. तिला नावच ‘अरब-इंडियन’ आहे. म्हणजे पुन्हा झेरॉक्सच्या नोट्स! गडचिरोलीच्या जंगलातली एखादी मुलगी, निलगिरीतला एखादा मुलगा, अरबस्तानातला कुणी अनोळखी माणूस आणि मी, आमची मूळ वही बहुधा एकच. आई बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे नातेवाईकच की गं आपले.’

बायोडेटात आता मी स्वतः एक ओळ वाढवलीय, ‘सिकल सेल टेस्ट: एएस’. दोन स्थळांनी ती वाचून फोन बंद केले. तिसऱ्यानं आधी स्वतःची टेस्ट केली आणि मग फोन केला. रिपोर्ट काय आला, ते आमच्या दोघांतच राहू द्या. आणि मामी? ती हल्ली नात्यातल्या प्रत्येक लग्नाळू पोराला पहिला प्रश्न हाच विचारते, ‘टेस्ट केली का बापा?’

कळमन्यात जाणार असाल तर...

* कॅमेरा संत्र्याच्या ढिगावर नको, पहिली फोड खाणाऱ्यांच्या तोंडावर लावा. अर्थात, विचारून! दहा अनोळखी माणसांचे फोटो शेजारी ठेवा आणि त्यात ‘खानदानी’ तोंड कोणतं ते ओळखून दाखवा.

* मिरचीच्या बाजूला जाताना रुमाल न्या. कॉन्टॅक्ट लेन्स लावत असाल तर चष्मा घालून जा, आणि मिरचीला हात लावून डोळे चोळू नका.

* तिखट जास्त झालं तर पाणी पिऊन उपयोग नाही, कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दूध प्या.

* हिरवट संत्रं दिसलं तर लगेच नाकारू नका. हातात घ्या, वजन बघा, चाखून बघा.

* सिकल सेलची टेस्ट सरकारी दवाखान्यात होते. थोडंसं रक्त लागतं. थॅलेसेमियाचंही डॉक्टरांना त्याच वेळी विचारून घ्या. साखरपुड्याच्या हॉलचं बुकिंग करायच्या आधी!